हँडब्रेकची 'कटकट' मोजा!

एक सोपा प्रश्न. तुमच्या घरच्या गाडीचा हँडब्रेक वर ओढला की किती वेळा 'कट्' असा आवाज येतो?

गाडीचं मायलेज आपल्याला तोंडपाठ असतं. स्पीकर कुठल्या कंपनीचे आहेत, हेही माहीत असतं. पण हा आकडा दहा जणांच्या ग्रुपमध्ये एकालाही सांगता येत नाही. हवं तर आज कट्ट्यावर विचारून बघा. उत्तर येईल, 'वर ओढतो आणि लागतो. मोजायचं काय त्यात?'

मोजायचं असतं, दोस्तांनो. कारण त्या आवाजांच्या संख्येत तुमच्या मागच्या दोन्ही ब्रेकचा अख्खा रिपोर्ट असतो. आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या हातात येणारी पहिली गाडी कोरी नसते. बाबांनी नवी घेतली म्हणून मिळालेली, मामाकडून आलेली किंवा चौघांनी मिळून घेतलेली सेकंडहँड असते. तिच्या हँडब्रेकबद्दल चावीबरोबर एक ठरलेली सूचनाही मिळते, 'उतारावर लावू नकोस, लावलीस तर गिअरमध्ये टाक आणि चाकाला दगड लाव.' आपणही मान डोलावतो आणि दगड शोधायला लागतो.

ही मान डोलावणं बंद व्हावं, यासाठी हा लेख आहे. मी मास कॉमचा विद्यार्थी, मेकॅनिकलचा नाही. त्यामुळे घाबरू नका, सगळं आपल्याला कळेल अशाच भाषेत आहे.

दगड हा पर्याय नाही

आधी कायद्याचं बघू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९६ वा नियम सांगतो की गाडीला एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दोन ब्रेक यंत्रणा हव्यात. एक पायाने चालणारी आणि दुसरी पार्किंग ब्रेकची. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १२६ तर थेट आपल्या पार्किंगबद्दलच आहे. ड्रायव्हरच्या सीटवर लायसन्सवाला माणूस नसेल, तर इंजिन बंद करून, ब्रेक लावून किंवा दुसरा काही बंदोबस्त करून गाडी आपोआप चालू पडणार नाही याची काळजी घेतल्याशिवाय ती उभी ठेवता येत नाही.

म्हणजे हँडब्रेक ही 'असला तर बरा' अशी गोष्ट नाही. पायाचा ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल गळलं, पाइप फुटला तर तो दगा देऊ शकतो. हँडब्रेक मात्र साध्या तारेने ओढला जातो. एक फसला तरी दुसरा शाबूत राहावा, यासाठीच त्याचा रस्ता वेगळा ठेवलाय.

दगड मदतीला असायला हरकत नाही. पण गाडी फक्त दगडाच्या भरवशावर उभी असेल, तर तिच्या पुढून चालत जाणाऱ्या प्रत्येकाचा जीव त्या दगडावर आहे. सिंहगडाच्या पार्किंगमध्ये किंवा महाबळेश्वरच्या एखाद्या उतारावर रविवारी किती गर्दी असते, हे वेगळं सांगायला नको.

दांडा पुढे, काम मागे

हँडब्रेकचा दांडा दोन सीटच्या मध्ये असतो, पण तो काम करतो मागच्या चाकांत. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक असतात. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं, त्यामुळे थांबवायचं जास्त काम पुढच्या चाकांवर येतं. तिथे डिस्क. मागे काम कमी, म्हणून तिथे स्वस्त आणि टिकाऊ ड्रम. ही काही आजची कल्पना नाही. फ्रान्सच्या लुई रेनोने ड्रम ब्रेक आणला तो १९०२ साली. ड्रमला हँडब्रेक जोडणंही सोपं जातं, त्यामुळे तो अजून टिकून आहे.

आता डोळ्यांसमोर एक पातेलं आणा. ते आडवं करून चाकाबरोबर फिरतंय. हा झाला ड्रम. त्याच्या आत अर्धगोल आकाराच्या दोन लोखंडी पट्ट्या आहेत, त्या फिरत नाहीत. हे ब्रेक शू. त्यांच्या बाहेरच्या बाजूला घर्षणाचा जाड थर चिकटवलेला असतो. गॅरेजमध्ये त्याला लायनर म्हणतात. तुम्ही पायाने ब्रेक दाबला की ऑइलचा दाब व्हील सिलिंडरमध्ये येतो, त्याचे दोन पिस्टन शूना बाहेर ढकलतात आणि लायनर पातेल्याला आतून घासतो. पाय काढला की स्प्रिंगा शूना परत आत ओढतात.

हँडब्रेक त्याच शूना दुसऱ्या मार्गाने ढकलतो. दांडा ओढला की केबल ताणली जाते. ती गाडीच्या खालून दोन्ही मागच्या चाकांपर्यंत जाते आणि ड्रमच्या आतला एक छोटा लिव्हर ओढते. तो लिव्हर शूना बाहेर रेटतो. दांड्याखाली दातेरी पट्टी असते, ती दांड्याला वर धरून ठेवते. एकेक दात पुढे सरकला की एकेक 'कट्'.

लायनर आणि ड्रम यांच्यात थोडी फट असते. लायनर झिजला की फट वाढते. फट वाढली की शूना जास्त लांब जावं लागतं आणि दांडा जास्त वर येतो. म्हणून 'कट्' वाढले. सगळं गणित एवढंच आहे.

ही फट वाढू नये म्हणून ड्रमच्या आत एक ॲडजस्टर असतो. दातेरी चाक असलेला छोटासा स्क्रूच तो. बऱ्याच गाड्यांत तो आपोआप फिरतो. काहींत पायाचा ब्रेक दाबताना, काहींत हँडब्रेक ओढताना, तर काहींत रिव्हर्समध्ये ब्रेक मारताना. पण पावसापाण्याने गंजला की तो अडकतो आणि 'आपोआप' हा शब्द फक्त मॅन्युअलमध्ये उरतो.

घरच्या घरी तीन टेस्ट

यासाठी पाना, जॅक काहीही लागत नाही.

पहिली, मोजणी. गाडी सपाट जागी उभी करा, पाय ब्रेकवर ठेवा. हँडब्रेक पूर्ण खाली सोडा आणि बटण न दाबता नेहमीच्या जोराने हळूहळू वर ओढा. 'कट्' मोजा. बहुतेक छोट्या गाड्यांत साधारण ४ ते ८ च्या दरम्यान दांडा घट्ट व्हायला हवा. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा ओनर्स मॅन्युअलमध्ये असतो. ते मॅन्युअल ग्लोव्ह बॉक्समध्ये जुन्या पीयूसीच्या खाली असतं, बघा सापडलं तर. दांडा ११-१२ वेळा वाजून जवळजवळ उभा राहत असेल, तर काहीतरी बिघडलंय. आणि दुसऱ्याच 'कट्'ला दगडासारखा घट्ट होत असेल तर? तेही चांगलं लक्षण नाही. का, ते पुढे येतंय.

दुसरी, उताराची टेस्ट. सौम्य उताराचा रिकामा रस्ता निवडा. पुढे-मागे माणूस नको, गाडी नको. घाटात तर हा प्रयोग अजिबात नको. इंजिन चालू, पाय ब्रेकवर, गाडी न्यूट्रलमध्ये. हँडब्रेक ओढा आणि पाय हळूहळू उचला, पण पेडलवरून बाजूला नेऊ नका. गाडी जागेवर राहिली पाहिजे. मग तोंड उलट दिशेला करून पुन्हा एकदा. फक्त चढाला धरते आणि उताराला सरकते, असं चालणार नाही.

तिसरी, उष्णतेची टेस्ट. १५-२० मिनिटं गाडी चालवून थांबा. चाकांजवळ हात न्या, पण ड्रमला लावू नका, चटका बसेल. एक मागचं चाक दुसऱ्यापेक्षा बरंच जास्त तापलेलं असेल किंवा करपल्यासारखा वास येत असेल, तर त्या चाकाचा ब्रेक पूर्ण सुटत नाहीये.

आणखी एक. हँडब्रेक सोडल्यावरही डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझत नसेल तर 'सेन्सर गेला असेल' म्हणून सोडून देऊ नका. बऱ्याच गाड्यांत ब्रेक ऑइल कमी झालं तरी हाच दिवा लागतो. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची बाटली आधी बघा. पातळी खालच्या खुणेजवळ असेल तर एक तर लायनर झिजलेत, नाहीतर ऑइल कुठेतरी गळतंय. वरून नुसतं ऑइल ओतून प्रश्न सुटत नाही.

गाडी काय सांगतेय?

प्रत्येक दुखण्याची खूण वेगळी असते. ओळखता आली की गॅरेजमध्ये अर्धं काम झालं.

दांडा खूप वर येतो आणि पायाचं ब्रेक पेडलही नेहमीपेक्षा खाली जातं. ही जोडी लक्षात ठेवा. दोन्ही एकदम दिसलं तर मागच्या ड्रममधली फट वाढलेली असण्याची शक्यता जास्त. म्हणजे लायनर झिजलेत किंवा ॲडजस्टर अडकलाय. कारण फट वाढल्यावर पिस्टनलाही जास्त लांब जावं लागतं आणि त्यासाठी पाय जास्त दाबावा लागतो.

दांडा वर येतो, पण पेडल मस्त आहे. मग संशय केबलवर. ती सैल झाली असेल किंवा तिची एखादी तार तुटली असेल.

एकच चाक धरतं. मग त्या दुसऱ्या बाजूची केबल गंजून अडकली असेल किंवा तिकडच्या लायनरवर ऑइल आलं असेल. व्हील सिलिंडर गळायला लागला की ब्रेक ऑइल थेट लायनरवर येतं. असा भिजलेला लायनर पुसून पुन्हा वापरायचा नसतो, बदलायचा असतो. आणि आधी गळती थांबवायची असते.

हँडब्रेक सोडला तरी गाडी जड चालते, मायलेज पडलंय. केबल आवरणात गंजलीय, शूच्या स्प्रिंगा मेल्यात किंवा कुणीतरी केबल गरजेपेक्षा जास्त ताणलीय.

मागून लोखंड लोखंडावर घासल्यासारखा आवाज येतो. लायनर संपलाय आणि आता शूची पट्टी ड्रमला खातेय. इथे 'पुढच्या महिन्यात बघू' चालत नाही.

आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी

आता मुख्य मुद्दा. हँडब्रेक लागत नाही म्हणून गाडी कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये नेली की बऱ्याचदा काय होतं? दांड्याचं कव्हर उघडतं, आतला नट दोन-चार आटे फिरतो, पाच मिनिटांत गाडी तयार. आधी १२ 'कट्' होते, आता ५ झाले. आपण खूश. पैसेही किरकोळ लागले.

पण ड्रम तर कुणी उघडलेच नाहीत! झिजला होता लायनर आणि ताणली केबल. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी म्हणतात ते हेच.

यात तोटा काय? एक तर खरा आकडा लपला. वाढलेले 'कट्' हा गाडीने दिलेला इशारा होता, तो आपण पुसून टाकला. लायनर झिजतच राहतो. दुसरं त्याहून वाईट. अनेक गाड्यांत तो आपोआप फिरणारा ॲडजस्टर नीट चालण्यासाठी हँडब्रेक सोडल्यावर आतला लिव्हर आणि शू आपल्या मूळ जागेवर पूर्ण परत यावे लागतात. केबल कायमची ताणलेली असेल तर ते परत येतच नाहीत. मग ॲडजस्टर फिरत नाही, फट वाढत जाते आणि काही महिन्यांनी पुन्हा 'केबल टाइट करा'. असं करत करत एक दिवस नटाचे आटे संपतात.

मधल्या काळात पायाच्या ब्रेकचं काय होतं, ते घाटात कळतं. लांब उतारावर सतत ब्रेक मारला की ड्रम तापतो. तापलेला ड्रम प्रसरण पावतो, म्हणजे शूपासून आणखी दूर जातो. आधीच वाढलेली फट आणखी वाढते. पेडल आणखी खाली जातं. खंबाटकी किंवा आंबोलीच्या उतारावर, गाडीत चार मित्र आणि डिक्कीत सामान असताना हा शोध लागावा, असं कुणालाच वाटणार नाही.

म्हणून क्रम पाठ करा. आधी ड्रम, मग केबल. लायनर तपासा, शू आणि ड्रममधली फट नीट लावा, आणि त्यानंतरही 'कट्' जास्त येत असतील तरच केबलच्या नटाला हात लावा.

ड्रम उघडतात तेव्हा

हे काम पहिल्यांदा एकट्याने करू नका. ब्रेक ही शिकाऊ प्रयोगाची वस्तू नाही. पण गॅरेजमध्ये उभं राहून बघा आणि काय चाललंय ते समजून घ्या. जाणकार माणूस सोबत असेल तर हाताखाली कामही करा.

सुरुवात सुरक्षेपासून. ड्रम काढायचे तर हँडब्रेक सोडलेला हवा. म्हणजे गाडी धरून ठेवणारी गोष्टच आपण काढून घेतो. त्यामुळे जागा सपाट हवी आणि पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे हवेत. पुढची चाकं इंजिनवर चालत असतील तर गाडी गिअरमध्येही ठेवा. ओम्नी, ईको, बोलेरो यांसारख्या गाड्यांत इंजिनची ताकद मागच्या चाकांना जाते, त्यामुळे तिथे मागची चाकं मोकळी फिरवायला न्यूट्रल लागतो आणि ठोकळ्यांवरच भिस्त असते. चाकाचे नट गाडी उचलण्याआधी सैल करायचे. आणि जॅक फक्त उचलण्यासाठी. उचलल्यावर गाडी स्टँडवर टेकवायची. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली डोकंच काय, हातही घालू नका.

चाक निघालं की ड्रम. गंजाने तो हमखास चिकटलेला असतो. अनेक ड्रमवर आटे पाडलेली दोन भोकं दिसतात. त्यात बोल्ट घालून दोन्ही बाजूंनी थोडा थोडा आवळला की ड्रम सरळ बाहेर येतो. हातोड्याने कडा ठोकायची गरज पडत नाही. काही मॉडेलमध्ये ड्रम आणि बेअरिंग एकत्र असतात. तिथे मधला नट ठरलेल्या जोराने आवळावा लागतो, त्यामुळे ते काम गॅरेजवाल्यांवरच सोडा.

आतली काळी धूळ दिसली की फुंकर मारायची नाही आणि हवेचा पाइपही लावायचा नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसांना घातक असतं. मास्क लावा. ब्रेक क्लीनरने किंवा ओल्या फडक्याने पुसा. गॅरेजमधल्या पोराला कुणी मास्क देत नाही. तुमच्या बॅगेत एक जास्तीचा असेल तर त्यालाही द्या.

मग बघायचं काय? लायनरची जाडी दोन्ही बाजूंना किती उरलीय, भेगा पडल्यात का, तेलकट झालाय का. व्हील सिलिंडरच्या रबरी टोप्यांखाली ओल आहे का. स्प्रिंगा सैल किंवा गंजलेल्या आहेत का. ड्रमच्या आत बोट फिरवल्यावर खोल चरे लागतात का. चरे असतील तर लेथवर ड्रम घासून घेता येतो, पण त्याला मर्यादा असते. जास्तीत जास्त किती व्यास चालेल, तो आकडा बऱ्याचदा ड्रमवरच कोरलेला असतो. तो ओलांडला तर नवा ड्रम.

उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात होती, हे नंतर आठवत नाही. अनुभवी माणसं एका वेळी एकच बाजू उघडतात, म्हणजे दुसरी बाजू जिवंत आकृतीसारखी समोर राहते. आणि लायनर बदलायचे तर दोन्ही मागच्या चाकांचे एकदम. एकच बाजू नवी केली तर ब्रेक मारताना गाडी एकीकडे ओढू शकते. ड्रम निघालेला असताना कुणालाही ब्रेक पेडल दाबू देऊ नका. पिस्टन बाहेर उडतील आणि काम दुप्पट होईल.

ॲडजस्टरचे आटे साफ केले, तो हाताने मोकळा फिरतोय हे पाहिलं की ड्रम परत बसवतात. आता फट लावायची. ॲडजस्टर थोडा थोडा फिरवून चाक हाताने फिरवायचं. लायनर ड्रमला लागल्याचा 'खस्स' असा आवाज आला आणि चाक जड झालं की ॲडजस्टर काही दाते मागे घ्यायचा, चाक पुन्हा मोकळं फिरेपर्यंत. किती दाते, ते त्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे. दोन्ही बाजूंना सारखं. मग ब्रेक पेडल बऱ्याचदा दाबायचं, म्हणजे शू ड्रमच्या मधोमध बसतात. आणि तेव्हा कुठे हँडब्रेकचे 'कट्' मोजायचे.

बऱ्याचदा इथेच आकडा ताळ्यावर येतो आणि केबलला हात लावावाच लागत नाही. नाही आला, तर दांड्याजवळचा किंवा गाडीखालचा केबलचा नट थोडा आवळायचा. शेवटची परीक्षा अशी: दांडा पूर्ण खाली असताना दोन्ही मागची चाकं मोकळी फिरली पाहिजेत, दांडा वर येऊ लागला की दोन्ही सारखी जड झाली पाहिजेत आणि ठरलेल्या 'कट्'ला दोन्ही घट्ट लॉक झाली पाहिजेत. दांडा खाली असतानाच चाक घासत असेल तर नट जास्त आवळला गेलाय. दुसऱ्याच 'कट्'ला घट्ट होणारा हँडब्रेक वाईट का, ते आता लक्षात आलं असेल. असे ब्रेक चालता चालता तापतात, लायनर करपतात आणि फार तापले तर सिलिंडरमधलं ऑइल उकळून पायाचा ब्रेकही मऊ पडतो.

तुमच्या गाडीला मागेही डिस्क असतील किंवा दांड्याऐवजी बटणाचा इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल, तर मात्र ही पद्धत जशीच्या तशी लागू नाही. तिथे कंपनीच्या पद्धतीनेच काम व्हायला हवं.

पावसाळा आणि रील्स

आपल्याकडे हँडब्रेकचा खरा शत्रू पावसाळा. गाडी रात्रभर भिजली की ड्रमवर गंजाचा पातळ थर धरतो. सकाळी निघताना मागून 'टक्' आवाज येऊन चाक सुटतं. एवढ्याने घाबरायचं कारण नाही. पण सुट्टीत गावी जाताना गाडी दोन-तीन आठवडे हँडब्रेक ओढून उघड्यावर ठेवली, तर शू ड्रमला चिकटून बसू शकतात. जागा सपाट असेल तर अशा वेळी गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांना ठोकळे लावा आणि हँडब्रेक सोडा. साचलेल्या पाण्यातून गाडी नेली असेल, तर पुढे मोकळ्या रस्त्यावर हळू चालवत पायाचा ब्रेक दोन-तीनदा हलकेच दाबा, म्हणजे लायनर कोरडे होतात.

उतारावर लावताना एक साधी सवय. पायाने ब्रेक दाबा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रलमध्येच पाय हळू उचलून गाडीचं वजन हँडब्रेकवर येऊ द्या, मग इंजिन बंद करून गिअर टाका. तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. पुढची चाकं अशी वळवा, की सरकलीच तर गाडी रस्त्यावर न येता कडेच्या कठड्याला टेकेल.

आणि हो, रिकाम्या ग्राउंडवर हँडब्रेक ओढून गाडी गर्रकन फिरवायची रील. त्या पंधरा सेकंदांत केबल ताणली जाते, टायर एकाच जागी घासतात आणि पुढच्या वेळी उतारावर आई गाडीत बसलेली असताना त्याचा हिशेब होतो. पायाचा ब्रेक खरंच फेल झाला तरी हँडब्रेक असा झटक्यात ओढायचा नसतो. गिअर खाली आणत, बटण दाबून धरत, हळूहळू ओढायचा. झटका दिला तर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरते.

गॅरेजमध्ये एवढं विचारा

तिथे तुम्ही वयाने लहान असता. मुलगी असाल तर 'मॅडम, तुम्ही तिकडे खुर्चीवर बसा' हे ठरलेलंच. बसू नका. हे प्रश्न विचारा:

• 'ड्रम उघडून बघितले का? लायनर किती उरलाय, मला दाखवा.'
• 'व्हील सिलिंडर गळतोय का?'
• 'ॲडजस्टर मोकळा फिरतोय की अडकलाय?'
• 'केबलचा नट आवळलात, तर त्याआधी शू सेट केले होते का?'
• 'दोन्ही चाकं सारखी धरतायत का? उचललेली आहे तोवर फिरवून दाखवता का?'

चांगला मेकॅनिक या प्रश्नांनी वैतागत नाही, उलट खूश होऊन आणखी दोन गोष्टी दाखवतो. जो वैतागतो, त्याच्याकडे पुन्हा जायचं की नाही ते तुम्ही ठरवा. काम झाल्यावर 'कट्' मोजा आणि तारखेसह मोबाइलमध्ये लिहून ठेवा. दर महिन्याला एकदा मोजा. आकडा ६ वरून ८ वर, ८ वरून १० वर जायला लागला की गाडी तुम्हाला वेळेत सांगतेय.

पुढचा ट्रिपचा प्लॅन ग्रुपवर पडेल, तेव्हा पेट्रोलचे पैसे कोण किती देणार याआधी ज्याची गाडी आहे त्याला एवढंच विचारा, 'तुझा हँडब्रेक किती कट् घेतो?' उत्तर आलं नाही, तर आदल्या दिवशी सपाट रस्त्यावर जाऊन दोघांनी मिळून मोजा. आकडा जास्त आला आणि ड्रम उघडायला वेळ नसेल, तर घाटात ती गाडी नेऊ नका. एसटी आहेच की!